आपोआप साफ होणारा साइडवॉक

प्रश्न: ताई, आम्ही दीड वर्षापूर्वी शिकागोत पोर्टेज पार्कला घर घेतलं. त्याआधी अपार्टमेंटमध्ये होतो त्यामुळे स्नोचं काही बघावं लागलं नव्हतं. मागच्या हिवाळ्यात घरासमोरचा साइडवॉक आपोआप साफ व्हायचा, आम्ही उठेपर्यंत झालेलाच असायचा, आम्हाला वाटलं सिटीचं मशीन येत असेल. यावर्षी डिसेंबरच्या मध्यापासून चार आठवडे दिराच्या लग्नाला नाशिकला होतो. परत आलो तर दारावर चिठ्ठी, "प्लीज साफ करा, इथून माणसं चालतात." खाली नाव नाही. समोर राहते तिच्याकडून कळलं की शेजारच्या पोलिश आजोबांची बायको आमच्या घरासमोर घसरून पडली आणि मनगट मोडलं. आजोबा आधी आमचे कचऱ्याचे डबेसुद्धा आत आणून ठेवायचे, आता बघतही नाहीत. समोरची बोलता बोलता असंही म्हणाली की त्यांचा स्नोब्लोअर यावर्षी गॅरेजबाहेर आलाच नाही. नवरा म्हणतो साइडवॉक सिटीचा आहे, आपण टॅक्स भरतो. त्याच्या ऑफिसात एकाने सांगितलंय की साफ केलं आणि मग कुणी पडलं तर तुम्हालाच सू करतात, न केलेलं बरं. आणि दुसऱ्या बाजूचा शेजारी तर फूटपट्टी लावल्यासारखा बरोबर आमच्या हद्दीपाशी थांबतो. आम्ही आता काय करायचं? सॉरी म्हणायला गेलो तर अंगावर येईल का?
– बर्फात अडकलेली

अगं, ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तुगंच करते. पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच शब्दाला ठेच लागली. आपोआप. शिकागोत साइडवॉक आपोआप साफ होतो तो फक्त एप्रिलमध्ये, एरवी कुणीतरी साफ करतं तेव्हाच होतो. तूच एकीकडे लिहितेस की मागच्या वर्षी उठेपर्यंत साफ झालेला असायचा आणि दुसरीकडे लिहितेस की आजोबांचा स्नोब्लोअर यावर्षी बाहेर आला नाही. ही दोन वाक्यं जरा शेजारी शेजारी ठेवून बघ बरं.

मी काही डोळ्यांनी बघितलेलं नाही, पण पैजेवर सांगते, अख्खा मागचा हिवाळा आजोबांनी तुमच्यासमोरचा बर्फ काढलाय. इथल्या जुन्या वस्त्यांमध्ये हे चालतं. ज्याच्याकडे स्नोब्लोअर असतो तो एकदा मशीन चालू केलं की हद्दीवर थांबून वळवत बसत नाही, सरळ चार घरं पुढे जाऊन येतो, आणि कुणाला सांगतही नाही, कारण त्यात सांगण्यासारखं काय आहे असं त्याला वाटतं. आणि समोरचा आपल्यासारखा नवीन असेल तर त्याला कळतही नाही की कुणी केलं. माझ्या पहिल्या वर्षी माझंही हेच झालं होतं, फक्त मला फेब्रुवारीत एकदा पहाटे पाच वाजता जाग आली आणि खिडकीतून दिसलं, म्हणून वाचले. खाली जाऊन थँक्यू म्हणायची पण लाज वाटली होती, तीन महिने झाले होते ना.

म्हणजे आता बघ त्यांच्या बाजूने. यावर्षी काहीतरी बिनसलंय, पाठ असेल, गुडघा असेल, डॉक्टरने उचलू नका सांगितलं असेल, माहीत नाही, पण मशीन गॅरेजात आहे. ज्यांचं एक वर्ष केलं ते शेजारी चार आठवडे गायब, सांगून गेले नाहीत, आणि नेमकं त्या तेवढ्या तुकड्यावर बायको पडली. ते तुझ्याकडे बघत नाहीत यात मला तरी नवल वाटत नाही. चिठ्ठी त्यांचीच आहे असं मात्र धरून चालू नकोस. पोस्टमनची असेल, कुत्रा फिरवणाऱ्या कुणाची असेल, बाबागाडी ढकलत शाळेत जाणाऱ्या कुठल्या आईची असेल. अक्षर कुणाचं ते शोधत बसू नका, मजकूर बरोबर आहे तेवढं पुरे.

आता तुझ्या नवऱ्याचा मुद्दा घेऊ, कारण तो अगदीच वेडा नाहीये. साइडवॉक सार्वजनिक आहे हे खरं. काही शहरांत सिटीच करतेसुद्धा, टोरंटोत २०२१-२२ च्या हिवाळ्यापासून जवळजवळ सगळीकडे सिटीची मशीनं साइडवॉक साफ करतात, आणि शिकागोतही तशी मागणी चाललेली आहे, व्हीलचेअरवाले लोक त्यात पुढे आहेत आणि माझा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे. शिवाय बर्फ हे सिटीचं काम नाही असं शिकागोत कुणी म्हणायची सोय नाही, १९७९ च्या जानेवारीत हिमवादळ आलं, रस्ते नीट मोकळे झाले नाहीत, गाड्या अडकल्या, आणि पुढच्याच महिन्यात मेयर मायकेल बिलँडिक प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवायची पक्षातली निवडणूक, हरले, जेन बर्न जिंकल्या आणि शहराच्या पहिल्या बाई मेयर झाल्या. बर्फाने खुर्ची नेली असं इथले म्हातारे अजून सांगतात. पण ते रस्त्यांचं. साइडवॉकचा शिकागोचा नियम आज असा आहे की ज्याची प्रॉपर्टी लागून आहे त्यानेच साफ करायचा. सकाळी ७ ते संध्याकाळी ७ मध्ये पडलेला स्नो त्याच रात्री १० च्या आत, आणि रात्री पडलेला दुसऱ्या दिवशी सकाळी १० च्या आत. शनिवार-रविवार धरून, सुट्टी नाही. वाट किमान ५ फूट रुंद हवी. नाही केलं तर दिवसाला ५० ते ५०० डॉलर दंड होऊ शकतो. तुम्ही नाशिकला आहात हे कारण त्यात बसत नाही.

५ फूट का ते नवऱ्याला सांग, कारण बऱ्याच लोकांना वाटतं की शव्हलच्या, म्हणजे बर्फाच्या फावड्याच्या रुंदीची एक पायवाट काढली की झालं. त्या पायवाटेतून तू जाशील, मी जाईन, पण व्हीलचेअर जाणार नाही, वॉकर घेतलेली आजी जाणार नाही, आणि समोरून कुणी आलं तर दोघांपैकी एकाला ढिगात उतरावं लागेल.

आणि ते ऑफिसातलं ज्ञान. हे मी पंचवीस वर्षं ऐकतेय, प्रत्येक पॉटलकला एक तरी दादा हे सांगतोच. इलिनॉयमध्ये नेमकं उलटं आहे. १९७९ सालचाच कायदा आहे, स्नो अँड आइस रिमूव्हल ॲक्ट, त्यात चक्क लिहिलंय की लोकांनी आपापल्या घरासमोरचा साइडवॉक साफ करावा याला उत्तेजन देणं हे राज्याचं धोरण आहे, आणि घरमालकाने साफ केलं किंवा करायचा प्रयत्न केला, आणि तरी राहिलेल्या बर्फावर कुणी घसरलं, तर मुद्दाम किंवा अगदी बेपर्वाईने काही केलेलं नसेल तर त्याची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. म्हणजे कायदा साफ करणाऱ्याच्या पाठीशी उभा आहे, हात बांधून बसणाऱ्याच्या नाही. दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे असतात, न्यू जर्सीतल्या मामेभावाचा अनुभव इथे लावू नये.

न केल्यावरही, आभाळातून पडला आणि पडला तिथेच राहिला अशा बर्फावर कुणी घसरलं तर साधारणपणे इथली कोर्टं घरमालकाला धरत नाहीत, सिटीचा दंड हा वेगळा विषय. पण एक गोष्ट बाहेर जाऊन बघून ये, अगदी आजच. छताच्या पन्हळीचा पाइप कुठे सुटतोय? पागोळ्यांचं पाणी जर साइडवॉकवर येत असेल आणि रात्री त्याचा आरसा होत असेल तर तो आभाळातून पडलेला बर्फ राहिला नाही, तो तुमच्या घराने केलेला बर्फ झाला, आणि त्याला तो १९७९ चा कायदा वाचवत नाही, हे राज्याच्या सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये एका केसमध्ये सांगितलंय. पाइपाचं तोंड गवताकडे वळवायला हार्डवेअरच्या दुकानात एक्स्टेन्शन मिळतं, स्वस्तात काम होतं. आजी जिथे पडली ती जागा त्या पाइपासमोर आहे का हे बघच. असेल तर गोष्ट थोडी बदलते.

मी वकील नाही, वकिलाचं पत्र आलं तर ते उघडून फ्रिजवर लावू नका, सरळ इन्शुरन्सवाल्याला पाठवा. खरं तर पत्राची वाट न बघता एजंटला एक फोन करा आणि विचारा की आमच्या पॉलिसीत "मेडिकल पेमेंट्स टू अदर्स" आहे का. घराच्या नेहमीच्या पॉलिसीत हा छोटा भाग असतो, बहुतेक हजार ते पाच हजार डॉलरचा, आणि त्याची गंमत ही की त्यात चूक कुणाची हे ठरावं लागत नाही, बाहेरच्या माणसाला घराच्या आवारात किंवा लागूनच्या वाटेवर लागलं तर दवाखान्याचा खर्च त्यातून मिळू शकतो. साइडवॉकला बसतं का, वादळात बसतं का, हे तुमच्या पॉलिसीवर आहे, म्हणून विचारायचं. बसलं तर आजींना सांगायला काहीतरी चांगलं हातात असेल.

आता सॉरी. जा. दोघंही जा, तू एकटी नको, नवऱ्याला घेऊन जा, तो दारात नुसता उभा राहिला तरी चालेल. अंगावर येईल म्हणून घरात बसणं मला पटत नाही, बाजूबाजूला वीस वर्षं राहायचंय तुम्हाला. पण काय बोलायचं ते आधी ठरवून जा, म्हणजे भीती पण नको आणि भलतं वचन पण नको. सगळी चूक आमची, बिल आम्ही भरू, असं एजंटशी बोलायच्या आधी म्हणू नका. हात कसा आहे ते विचारा. आम्ही सांगून जायला हवं होतं, काहीच सोय केली नव्हती, वाईट वाटलं, एवढं म्हणा, त्यात खोटंही काही नाही. आणि मग ते दुसरं वाक्य, जे मला पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं, की मागच्या वर्षी आमच्यासमोरचं तुम्हीच करत होतात का, आम्हाला आत्ता कळतंय. हे ऐकल्यावर माणूस बदलतो, बघ तू. नसतील करत तर नाही म्हणतील, काय जातं.

बेसनाचे लाडू न्यायला हरकत नाही पण लाडवांवर भागवू नका. एक हात प्लास्टरमध्ये असताना घरात काय काय अडतं ते तुला माहितीये, बाटलीचं झाकण, कपड्यांची बास्केट, दुकानातून दुधाचा गॅलन. त्यातलं एक ठरवून घे, दर गुरुवारी मी दुकानात जाते, काय आणू, असं. "काही लागलं तर सांगा" म्हणू नकोस, कुणी सांगत नाही.

आणि इथून पुढे त्यांचा साइडवॉक तुमच्याकडे. विचारून, अर्थात. काही म्हाताऱ्यांना आवडत नाही, आपण संपलो असं वाटतं त्यांना. विचारताना "तुमचा स्नोब्लोअर वापरू का, आम्हाला चालवायला शिकवा" असं विचार, मग ते गॅरेजात उभं राहून तुझ्या नवऱ्याला चोक कुठला आणि कुठला दांडा आधी ओढायचा हे अर्धा तास शिकवतील. आणि ज्यांना शेजारी कुणी नाही अशा म्हाताऱ्या किंवा अपंग लोकांसाठी ३११ ला, म्हणजे सिटीच्या मदतीच्या नंबरला, फोन केला तर सिटी स्वयंसेवक जोडून द्यायचा प्रयत्न करते, स्नो कॉर्प्स म्हणतात त्याला, नवऱ्याला टॅक्सचा हिशोब आवडतो तर त्यात नाव नोंदव म्हणावं.

साफ करण्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नाशिक-पुण्याहून आलेल्या माणसाला हे कुणी शिकवत नाही आणि आपण ते झाडू मारल्यासारखं करायला जातो. पहिली गोष्ट वेळ. ताजा स्नो पिंजलेल्या कापसासारखा असतो, ढकलला की जातो. त्यावरून दहा माणसं चालली की तो दाबला जातो, दुपारी जरा ऊन आलं की वरचा थर वितळतो आणि रात्री परत गोठतो, की झाली काच, मग शव्हल त्याच्यावर नुसतं वाजतं. तुमच्या घरासमोर चार आठवडे हेच चाललं होतं, थरावर थर. म्हणून पावलं उमटायच्या आधी काढायचं. जास्त पडणार असेल तर पडत असतानाच मध्ये एकदा काढायचं, बारा इंच एकदम उचलण्यापेक्षा सहा-सहा दोनदा बरं.

दुसरी गोष्ट, उचलू नका, ढकला. ओला स्नो भयंकर जड असतो, आणि सकाळी उठून थेट गारठ्यात जाऊन कमरेतून उचलायला लागणं हृदयाला फार वाईट, थंडीने रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात आणि वरून हा जोर. दरवर्षी लोक यात हार्ट अटॅकने जातात. चाळिशी ओलांडलेल्या आणि एरवी फक्त लॅपटॉप उचलणाऱ्या आपल्या सगळ्या बंधूंना हे लागू आहे, छातीत दुखलं, घाम फुटला तर शव्हल तिथेच टाकून आत यायचं आणि ९११ लावायचा.

तिसरी, काढलेला बर्फ टाकायचा कुठे. आपल्या गवतावर. रस्त्यावर, सायकलच्या लेनमध्ये, बसस्टॉपवर किंवा हायड्रंटवर ढकलायचा नाही, तेही नियमात आहे. कोपऱ्याचं घर असेल तर क्रॉसिंगचा उतारही मोकळा ठेवायचा, प्लाऊ, म्हणजे रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारणारी सिटीची गाडी, येऊन गेला की तिथे बांध तयार होतो आणि अख्खा साफ साइडवॉक त्या एका बांधापाशी वाया जातो.

मीठ. आपण ते भातावर तूप वाढल्यासारखं सढळ हाताने टाकतो. आधी काढायचं, मग टाकायचं, आणि थोडं टाकायचं. १२ औंसचा कॉफीचा मग भरून मीठ साइडवॉकच्या १० चौकटींना पुरतं. जास्त टाकलेलं कुठे जात नाही, मातीत आणि नदीत जातं, आणि कुत्र्यांच्या पंज्यांना चावतं. शिवाय साधं रॉक सॉल्ट साधारण १५ फॅरनहाइटच्या, म्हणजे उणे ९ सेल्सिअसच्या खाली फारसं चालतच नाही, त्या दिवसांत कॅल्शियम क्लोराइड घ्यायचं नाहीतर सरळ वाळू टाकायची, वाळूने वितळत नाही पण पाय तरी धरतो. जानेवारीतल्या त्या भयंकर आठवड्यात लोक उणे वीसला पोतं पोतं रॉक सॉल्ट ओतताना दिसतात, मला बघवत नाही.

इंडियाला जाताना काय करायचं, हे खरं तर दिवाळीनंतर लगेच ठरवायचं. कोकणात पावसाच्या आधी आगोट भरतात ना, तसं. आपण सगळे नेमके डिसेंबर-जानेवारीतच जातो, लग्नं तेव्हाच, शाळेला सुट्टी तेव्हाच, आणि बर्फाचा महिनाही तोच. तिकीट काढलं की त्याच दिवशी माणूस ठरवायचा. गल्लीतला हायस्कूलचा पोरगा, माझ्याकडे येतो तो एका वेळचे २५ डॉलर घेतो, किंवा सीझनवर काम घेणारे असतात. पैसे थोडे आधी द्यायचे, मीठ आणि शव्हल पोर्चवर ठेवायचं, आणि शेजारी एकाकडे फोन नंबर देऊन सांगायचं की आम्ही नाही, अमुक मुलगा येईल, आला नाही तर मला मेसेज करा. व्हॉट्सॲपवरच्या मराठी मंडळींवर भिस्त ठेवू नका, नेपरव्हिलसारख्या लांबच्या उपनगरातून पोर्टेज पार्कला पहाटे सहाला शव्हल घेऊन कोणी येत नाही, मीही येणार नाही. गाडी रस्त्यावर लावून जात असाल तर १ डिसेंबर ते १ एप्रिल काही मोठ्या रस्त्यांवर पहाटे ३ ते ७ गाडी लावायला बंदी असते, स्नो असो नसो, उचलून नेतात, तेवढं बोर्डावर बघून जा.

आता तो फूटपट्टीवाला. त्याच्यावर राग धरू नकोस, त्याने त्याचं काम केलंय, नियमाने. कदाचित आजोबा तुमचं करतात हे तो मागच्या वर्षी बघत होता म्हणून तिथे थांबायची सवय लागली असेल. या शहराचं गणितच मजेशीर आहे. रस्त्यावर गाडी काढायला जागा खोदली की माणूस तिथे मोडकी खुर्ची नाहीतर इस्त्रीचं टेबल ठेवतो आणि म्हणतो ही जागा माझी, डिब्स म्हणतात त्याला, आपण एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचो तसंच, कायद्याने त्याला काही अर्थ नाही आणि तरी ती खुर्ची हलवायची हिंमत फार कमी जणांना होते. रस्ता सगळ्यांचा असून खोदणाऱ्याचा होतो, आणि साइडवॉक मात्र खोदणाऱ्याचा कधीच होत नाही, येणारा-जाणारा चालून जातो, त्याला कळतही नाही कुणी खोदला. तुलाही नव्हतंच कळलं.

त्या फूटपट्टीवाल्याच्या बाजूला तू हद्दीच्या दोन शव्हल पुढे जा. सांगायचं नाही, हातवारे नाहीत. माझी आई अंगणात सडा घालताना शेजारणीच्या उंबऱ्यापर्यंत हात लांबवायची, कारण मध्ये कोरडा पट्टा राहिला की वाईट दिसतं म्हणायची, यापलीकडे तिचं काही तत्त्वज्ञान नव्हतं. दोन-तीन स्नोनंतर तोही पुढे सरकला तर सरकला. नाही सरकला तर दोन शव्हलने तुझं काय जातं.

या आठवड्यात परत पडणार आहे असं दिसतंय, तेव्हा लाडू नंतर वळ, आधी साठलेली काच फोड, वर मीठ टाकून तासभर थांबलीस तर पहार लागणार नाही. ते झालं की जा शेजारी. आजींचं प्लास्टर कधी निघतंय ते विचारून ये आणि मला कळव, आणि तो पन्हळीचा पाइप कुठे सुटतोय तेही.